पाठीमागची गाठ

“गोळी घेऊन उडी मारली, आबा, तर ती उडी माझी का गोळीची?”

रोहिदासनं विचारलं आणि बारवेच्या कठड्यावर मूठ आपटली. लागलं त्याला. पण तोंडावर दाखवील तो रोहिदास कसला!

सोनबाआबा सुकवलेल्या भोपळ्याला दोरी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोला की! गप्प बसायला आलो नाही मी. आज आखिती आहे!”

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. बोरजाईच्या देवळामागच्या या बारवेत गावची पोरं आखितीपासून पोहायला शिकतात. शिकवणार सोनबा भोई. पोराच्या पाठीला दोन पोकळ भोपळे बांधायचे आणि द्यायचं पाण्यात सोडून. पोर आधी गाव गोळा करतं, मग महिन्याभरात बाहेर यायला तयार होत नाही. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

पण आता आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बुडालेलं पोर त्यांना दिसलं नसतं. म्हणून या आखितीला भोपळे रोहिदासकडे द्यायचे ठरलेलं. रिवाज एकच, भोपळे घेणाऱ्यानं साऱ्या गावादेखत वर्षाची पहिली उडी मारायची. नाही मारली तर भोपळे माळ्यावर आणि पोहणं बंद. मागच्या वर्षी शेजारच्या गावात दोन पोरं शेततळ्यात बुडून गेली होती. तेव्हापासून एकूण एक आई या दिवसाची वाट बघत होती.

आणि रोहिदासनं तीन महिन्यांत पाण्याला पाय लावला नव्हता.

अहो, रोहिदासनं! जिल्ह्याची पदकं ज्याच्या घरी खुंटीला लटकतात, त्यानं!

माघात याच बारवेत, मध्यभागी, काही कारण नसताना त्याची छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला. आता मेलो, एवढंच डोक्यात. कशीबशी पायरी धरली. मग तेच मोटारसायकलवर. मग न्हाव्याच्या खुर्चीत. अर्धी दाढी झालेली, तोंडाला फेस, आणि गडी रस्त्यावर पळाला.

तालुक्याच्या इनामदार डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. म्हणाल्या, “हृदय घोड्यासारखं आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. घाबरवतो फार, मारत नाही. पण उपचार नीट करायचे.” रोज सकाळी एक गोळी, काही महिने. दर गुरुवारी तासभर बोलायला यायचं. आणि बारवेची रोज एक पायरी उतरायची. भीती आली तर पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं.

“घेतल्या ना गोळ्या?” आबांनी आता विचारलं.

“पाच आठवडे. झोप लागली, जेवण जायला लागलं. झकास वाटायला लागलं.”

“मग?”

“मग सोडल्या. दहा दिवस झाले.”

“बाईंना विचारून?”

“छाती माझी. विचारायचं काय त्यात?”

“आणि गुरुवार?”

“दोनदा गेलो. नुसतं बोलून काय होतंय?”

“पायऱ्या?”

“आबा, मी पायऱ्या मोजत उतरू? मी?”

आबांनी भोपळ्याला दोरीचा आणखी एक वेढा दिला.

“परवा परत आला तो,” रोहिदास हळूच म्हणाला. “जेवायला बसलो होतो. ताट तसंच टाकून उठलो. बायको रडायला लागली.” त्याचा आवाज चिरकला. “भीती वाटते हो, आबा. लई भीती वाटते.”

आबांनी दोरी खाली ठेवली आणि चक्क हसले.

“हसताय काय?”

“नऊ वर्षांचा असताना काय केलं होतंस?”

रोहिदासचे कान लाल झाले. गावाला पाठ होती ती गोष्ट. आठव्या दिवशी भोपळ्यांवर मस्त तरंगायला लागला आणि बेट्याला वाटलं, आपल्याला येतंय. देवळामागं मित्राकडून गाठ सोडवून घेतली आणि मारली उडी. आबांनी केसाला धरून वर काढला होता. या बारवेचा नियमच आहे: गाठ पाठीवर मारायची, पोहणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. तीही एका दिवसात नाही. आधी दोन भोपळे, मग एक, मग लहानसा एक, मग बघू.

“तेव्हा पोर होतो मी.”

“हो ना. आता मोठा झालास. डोक्यावर केसही राहिले नाहीत. धरू कशाला?”

रोहिदासला हसू आवरेना आणि रागही आवरेना. अशी पंचाईत झाली की माणूस पाण्याकडे बघतो. त्यानंही बघितलं.

“बाईंना फोन लाव,” आबा म्हणाले.

“आत्ता?”

“नाहीतर काय दिवाळीत?”

फोन लागला. बाई कडाडल्या, “रोहिदास! मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे किती वेळा सांगितलं होतं? उद्या दहाला इथं पाहिजेस. आणि आज घाबरून दोन-दोन गिळू नकोस. कशा सुरू करायच्या ते मी सांगेन.”

आबांनी फोन आपल्या हातात घेतला. “बाई, याची उडी आहे आज.”

“कुठून?” बाईंनी विचारलं.

“शेवटच्या पायरीवरून. खाली कमरेएवढं पाणी. मी शेजारी.”

“एकट्याला सोडू नका. आणि ते तुमचे भोपळे?”

“बांधणार.”

बाई हसल्या. “मग हरकत नाही. मध्येच अटॅक आला तर त्याला सांगा, पळायचं नाही.”

फोन बंद झाला तेवढ्यात हलगी कडाडली. अख्खं गाव बारवेवर लोटलं होतं. पोरं कठड्यावरून वाकून वाकून बघत होती, आया त्यांच्या चड्ड्या मागून धरून उभ्या होत्या. दंगा म्हणजे काय, देवळातली घंटासुद्धा ऐकू येत नव्हती.

“शेवटच्या पायरीवरून?” रोहिदास दात खाऊन म्हणाला. “चार वर्षांची पोरं मारतात तिथनं! रिवाजाची उडी बारवेच्या वरच्या कमानीवरून असते.”

“रिवाजात कमान कुणी घुसडली? तूच. तुझ्याआधी कोण चढलं होतं वर?”

ते खरं होतं.

“आणि भोपळा... पाठीला? माझ्या? आबा, माझी पदकं बघून पोहायला लागलेली पोरं आहेत इथं. तोंड कुठं लपवू?”

आबांनी सदरा काढला आणि त्याच्याकडे पाठ केली.

म्हाताऱ्याच्या काळ्या पाठीवर दोरीचे दोन वळ होते. जुने नव्हेत. सकाळचे.

रोहिदास बघतच राहिला. “हे... कशाचं?”

“चार वर्षं झाली. उजवा खांदा वर जात नाही. तुम्ही उठायच्या आत पोहून घेतो.”

“भोपळा बांधून? तुम्ही?”

“मग काय बुडू?”

“गाठ कोण मारतं?”

“तुझी आजी. रोज शिव्या घालते आणि मारते.” आबांनी भोपळे मागं सरकवले. “आज ती वर बसलीय बायकांत. तू मार.”

रोहिदासनं गाठ मारली. पक्की मारली. मग तो वळला आणि स्वतःची पाठ पुढे केली.

आबांनी गाठ आवळली.

दोघं उतरायला लागले. वरून पोरांनी एकच कल्ला केला. “रोहिदासदादाला भोपळा! रोहिदासदादाला भोपळा!” कुणी शिट्ट्या मारल्या. रोहिदासला वाटलं, पायरी दुभंगावी आणि आपण आत जावं. पण पुढं ते म्हातारं दोन भोपळे हलवत ऐटीत चाललेलं. मग तोही चालला.

नवव्या पायरीवर छातीत धाडकन झालं.

“आबा...”

“काय?”

“आला.”

“येऊ दे. बस.”

दोघं पायरीवर बसले. वरची हलगी थांबली. आयांनी तोंडाला पदर लावले. रोहिदासच्या बोटांना मुंग्या, घसा आवळलेला, घामाच्या धारा.

“पळू का?”

“पळ की. मी बसतो इथं.”

रोहिदासनं वर बघितलं. मग खाली. तो उठला नाही.

“काय म्हणतोय?” आबांनी विचारलं.

“म्हणतोय... मरशील.”

“मागच्या वेळी काय म्हणाला होता?”

“हेच.”

“त्याच्या आधी?”

“हेच.”

“पाठांतर बरं आहे त्याचं.”

एवढ्या जिवावरच्या प्रसंगात रोहिदासला फिस्सकन हसू आलं. पण अटॅक काही लगेच गेला नाही, हं! चढला, आणखी चढला. रोहिदासनं पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते गावादेखत येऊ दिलं. आबांचा खांदा फक्त त्याच्या खांद्याला लागलेला होता.

...

मग बोटांच्या मुंग्या कमी झाल्या. घसा सैल झाला. त्यानं आवंढा गिळला आणि तो गिळला गेला. दगडावरचे हात आपोआप सुटले.

“आबा, गेला बहुतेक. पण धडधड आहे अजून.”

“उडीच्या आधी कधी नव्हती?”

रोहिदास आठवायला लागला. नऊ वर्षांचा होता तेव्हा होती. जिल्ह्याला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा होती. कमानीवरून पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा तर ढोल वाजत होता छातीत! ती कधी नव्हती? आणि तेव्हा तर काय मजा यायची! तो ताडकन उभा राहिला.

“आबा, चला!”

“हळू. अजून पायऱ्या आहेत.”

“मोजतो!” तो ओरडला. “दहा! अकरा!”

आणि काय सांगू तुम्हाला, वरून सगळी पोरं त्याच्याबरोबर मोजायला लागली. बारा! तेरा! बारवेचे दगड घुमायला लागले. सतराव्या पायरीचं पाणी त्याच्या पावलांना लागलं. तीन महिन्यांनी लागलं.

त्यानं उडी मारली.

एवढीशी उडी. चार वर्षांच्या पोराची. पण हलगीवाल्यानं अशी थाप टाकली की देवळावरचे पारवे उडाले. पाय पोटाशी घेतले होते, पाणी डोक्यावरून गेलं, गार, हिरवं, आणि भोपळ्यांनी त्याला अलगद वर आणलं. तो उताणा झाला. कान पाण्याखाली गेले. गावाचा गलका बंद झाला आणि त्याला फक्त स्वतःची छाती ऐकू आली. धड, धड, धड. ती तिचं काम करत होती. तो ऐकत राहिला. शेजारी आबा दोन भोपळ्यांवर डोळे मिटून पडले होते.

बाहेर आल्यावर आबांनी भोपळ्यांची सगळी माळ त्याच्या हातात दिली. भाषण नाही, काही नाही. आयांनी पोरं पुढं ढकलली. भोकाडं सुरू झाली. रोहिदासनं पहिल्या पोरीची गाठ मारली, दुसरीची मारली. तिसरीच्या मागं रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली होती.

त्याच्या स्वतःच्या पाठीवर भोपळे होते तसेच होते. दोरी काचत होती.

“आबा, माझे सोडा की आता. उडी झाली.”

“पोहून झालं का? उद्या दहाला तालुक्याला जायचंय ना?”

“जातो. आणि गुरुवारीही जातो.” तो थांबला. प्रश्न काही त्याला सोडत नव्हता. “पण सकाळी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही. पाठीला भोपळा, शेजारी तुम्ही, उद्यापासून परत गोळी. मग ही उडी कुणाची?”

आबांनी हात पुढं केला. चाचपडत त्याच्या कपाळावर ठेवला, मग गालावरून निथळणाऱ्या पाण्यावर.

“मला नीट दिसत नाही, लेका. भिजलंय कोण, ते तूच बघून सांग.”