पाठीवरची खळी

"मग चोरी झालीच नाही, असं समजायचं का मी?"

इंद्रजितचा आवाज विहाराच्या दगडी भिंतींवर आपटून परत आला. दारातली चिमणी उडाली.

भंते उपसेन मांडीवर हात ठेवून बसले होते.

इंद्रजित खैरमोडे पुण्याहून सकाळीच निघाला होता. जुन्नरच्या पुढे गाडी लावून, डोंगराच्या पायऱ्या तावातावाने चढून आला होता. कॉलेजात असताना लेण्यांची चित्रं काढायला तो आणि त्याचा मित्र यशोधन या विहारात महिनाभर राहिले होते. तेव्हा भंत्यांनी त्यांना भात-आमटी वाढली होती आणि कशाचाही उपदेश केला नव्हता. त्यानंतर इंद्रजित इथे आजच येत होता.

मोबाइल फोन हातात कसा बसावा, कसा दिसावा, हे ठरवणं इंद्रजितचं काम. एका मोठ्या कंपनीत त्याचा शब्द चालायचा. त्याने एक गोष्ट केली होती. फोनच्या पाठीवर, जरा वर आणि जरा कडेला, एक उथळ खळी. फोन उचलला की अंगठ्याशेजारचं पहिलं बोट आपसूक तिथे जाऊन बसायचं आणि फोन निसटायचा नाही. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी तो बसथांब्यांवर, दवाखान्यांत, रेशनच्या रांगेत लोकांचे हात न्याहाळत हिंडला होता. मातीचे, लाकडाचे, मेणाचे नमुने करून मोडले होते.

खळीचा फोन बाजारात आला, लोकांनी डोक्यावर घेतला. आणि पुढच्याच वर्षी समोरच्या कंपनीचा फोन आला. पाठीवर खळी. जरा वर, जरा कडेला.

त्या कंपनीत आकार ठरवणारा माणूस होता यशोधन पितळे.

चार वर्षं दिल्लीच्या कोर्टात पेटंटचा दावा चालला. पिंजऱ्यात उभं राहून इंद्रजितने सांगितलं, हा माणूस माझ्या घरी आला होता, माझा मातीचा नमुना याने हातात घेऊन पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्यात उभं राहून यशोधनने सांगितलं, खळीची कल्पना कॉलेजपासून माझी, चोर तो आहे.

आणि गेल्या आठवड्यात दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

"कागदावर काय लिहिलंय माहीत आहे, भंते? दोन्ही पक्ष एकमेकांच्या कल्पकतेचा आदर करतात! आदर! चार वर्षं आमच्या वकिलांनी ज्यांना चोर, लबाड, उपटसुंभ म्हटलं, त्यांचा आदर! आमचे साहेब आणि त्यांचे साहेब एका टेबलावर जेवले. हसून फोटो काढला. आता खळी दोघांची. मला कुणी साधं कळवलंसुद्धा नाही. मी बातमीत वाचलं!"

"बोला ना काहीतरी!"

"चोरी झाली," भंते म्हणाले.

"झाली ना?"

"तू म्हणतोस तर झाली."

"मी म्हणतो म्हणून नाही! झालीच आहे!"

"बरं. झाली."

इंद्रजितला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. उलट आणखी चीड आली. इतकं सोपं होतं, तर चार वर्षं एकालाही का म्हणता आलं नाही?

"भंते, त्या खळीत मी माझा..."

"जीव ओतला होता."

"हो! आणि ज्या माणसाने हे केलं, तो माझ्या घरी..."

"दिवाळीला जेवून गेला."

इंद्रजित थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आषाढात एक जण आला होता. तू बसलायस तिथेच बसला होता. जीव ओतला म्हणाला. घरी जेवून गेला म्हणाला. जगाला कळेपर्यंत गप्प बसणार नाही म्हणाला."

"कोण?... यशोधन?"

भंत्यांनी मान डोलावली.

इंद्रजित ताडकन उठला.

"हे माझे शब्द आहेत! मी अजून बोललोही नव्हतो, पण हेच बोलणार होतो. बघितलंत? शब्दसुद्धा सोडले नाहीत त्याने माझे!"

"तो आधी आला होता," भंते म्हणाले.

इंद्रजित दाराशी जाऊन बाहेर बघत राहिला. खाली वस्तीतले पत्रे उन्हात चमकत होते.

"काय सांगितलंत तुम्ही त्याला?... नको. सांगू नका. त्याला जे दिलंत ते मला नको. मला माझं वेगळं उत्तर हवं."

"त्याला काही दिलं नाही मी. दोन-तीन दिवस राहिला. गेला."

इंद्रजित परत येऊन बसला. आता त्याचा आवाज खाली आला होता, पण त्यात धार होती.

"ठीक आहे. मग मी काय करणार आहे तेही ऐका. आज दुपारी एका वर्तमानपत्राच्या बाईंचा फोन येणार आहे. त्यांना मी सगळं सांगणार. फक्त खळीचं नाही. यशोधनची पदवीच खोटी आहे, भंते. शेवटच्या वर्षी त्याचे वडील गेले. दोन महिने तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याचा अख्खा प्रकल्प मी केला. आंधळ्या माणसांसाठीचं घड्याळ. चित्रं माझी, नमुना माझा, नाव त्याचं. त्याला त्यावर सुवर्णपदक मिळालं. त्या पदकावर पहिली नोकरी मिळाली. हे आजवर कुणाला माहीत नाही."

"घड्याळ चांगलं होतं?"

"काय?"

"घड्याळ."

"उत्तम होतं. माझं सगळ्यात चांगलं काम ते. खळीपेक्षाही."

"ते चोरलं त्याने?"

"नाही. मी दिलं."

"हं."

इंद्रजितला त्या हुंकाराचा रोख कळला आणि तो उसळला. "दिलेलं आणि चोरलेलं, दोन्ही एकच म्हणताय का तुम्ही? मी माझ्या हाताने दिलं तेव्हा तो माझा मित्र होता. आणि इथे त्याने माझ्या पाठीमागे..."

"एक नाही," भंते म्हणाले. "खूप फरक आहे."

"मग?"

"दिलेलं परत मागायला निघालायस. म्हणून विचारलं."

...

भिंतीवरून एक मुंगी चालली होती, इंद्रजित तिच्याकडे रागाने बघत होता.

मग भंते उठले. वस्तीत एका घरी म्हातारा आजारी होता, त्याच्यासाठी परित्राण पाठ म्हणायला त्यांना बोलावणं होतं. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. दोन पावलं टाकली. काठी हातातून निसटली आणि फरशीवर खडखडत गेली.

इंद्रजितने धावत जाऊन ती उचलली. आणि उचलता उचलता त्याचं बोट एका खळीत जाऊन बसलं.

त्याने काठी डोळ्यांजवळ नेली. सागाची साधी काठी. मुठीखाली, जरा कडेला, उथळ खळी.

"ही कुणी केली?"

"तो राहिला होता ना, तेव्हा. माझ्या हातून काठी पडायची."

इंद्रजितच्या कानशिलावरची शीर तटतटली. "इथेसुद्धा! एका भिक्खूच्या काठीवरसुद्धा! आणि केलीय कशी बघा. पहिल्या बोटासाठी. जशीच्या तशी. तुमचा हात दाखवा."

त्याने भंत्यांचा उजवा हात हातात घेतला. कातडी कागदासारखी पातळ होती. पहिलं बोट ताठ होतं, ते वळतच नव्हतं. शेजारचं जेमतेम.

"हे बोट वळत नाही तुमचं! मग त्याच्यासाठी खळी काय कामाची? अंगठ्याला हवी होती. नक्कल करणाऱ्याचं असंच असतं, भंते. त्याला खळी दिसते, हात दिसत नाही!"

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. चार वर्षांत कोर्टात इतकं नेमकं त्याला बोलता आलं नव्हतं.

"आषाढात वळत होतं," भंते म्हणाले. "भाद्रपदात झटका येऊन गेला. बारीकसा. त्यानंतर वळत नाही."

इंद्रजितने त्यांचा हात सोडला नाही. तो त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने ते हलकेच दाबून पाहिलं. मग अंगठा. अंगठ्यात जोर होता.

"चाकू आहे का तुमच्याकडे?"

"आहे. तो ठेवून गेला."

"त्याचा चाकू?"

"माझ्याकडे दुसरा नाही."

इंद्रजितने तळहात पुढे केला. "द्या."

बुद्धमूर्तीसमोर दिवा होता. त्याची काजळी त्याने भंत्यांच्या अंगठ्याला लावली. "धरा काठी. नेहमी धरता तशी. मुद्दाम नका धरू... दोन पावलं चाला. हां. सोडा."

लाकडावर काळा ठसा उठला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बराच खाली आणि तिरका.

तो दाराच्या उजेडात मांडी घालून बसला आणि कोरायला लागला. साग जुना होता, चाकू लहान. सुरुवातीला दातओठ खात त्याने पाती दाबली, तर लाकडाचा ढलपा उपटून निघाला. मग तो सावकाश झाला. काठी फिरवायची, थोडं खरवडायचं, फुंकर मारायची, बोट फिरवून बघायचं. तिथेच, काठीच्या विरुद्ध अंगाला यशोधनची खळी होती. काम करताना त्याचं दुसरं बोट तिच्यातच टेकलेलं होतं. ती आतून इतकी गुळगुळीत होती की कुठे हत्यार लागलंय असं वाटू नये.

काचेने घासलेली होती ती. काचेच्या तुकड्याने लाकूड घासायला इंद्रजितला कॉलेजात यशोधननेच शिकवलं होतं.

"काच आहे का, भंते?"

भंत्यांनी खिडकीखालचा फुटक्या तावदानाचा तुकडा आणून दिला.

फरशीवर ठेवलेला त्याचा फोन थरथरायला लागला. थरथरत थरथरत तो पाठीवर गोल फिरला.

"फोन येतोय," भंते म्हणाले.

"येऊ दे," इंद्रजित म्हणाला. त्याने मान वर केली नाही. तो काच तिरकी धरून शेवटची कड उतरवत होता, आणि तिथे हात हलून चालणार नव्हतं.

फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. लाकडाचा भुसा त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टवर पडला होता. शेवटी त्याने काठी सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि उठून भंत्यांच्या हातात दिली.

भंत्यांचा अंगठा खळीत बसला. ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दारापर्यंत गेले. काठी हलली नाही.

"बसली," इंद्रजित म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांत त्याने स्वतःच्या हाताने काही केलं नव्हतं. चार वर्षं तो नुसता सांगत होता, की मी केलं.

भंते उंबरा ओलांडून बाहेर पडले. इंद्रजित त्यांच्यामागे आला, आणि पायऱ्यांशी पोहोचेपर्यंत तो उजेड त्याच्या चेहऱ्यावरून गेला.

"भंते."

"हं."

"तो पुन्हा येईल इथे?"

"म्हणाला होता, येईन."

"मग काठी बघेल. आणि सगळीकडे सांगत सुटेल, ही मी केली, ही माझी!" त्याच्या मुठी वळल्या होत्या. "मी ओळखतो त्याला. त्याची खळी आता निकामी आहे. काठी टिकते ती माझ्यामुळे. हे तरी कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं ना? निदान तुम्ही तरी! सांगा, ही काठी आता कुणाची?"

भंत्यांनी पहिल्या पायरीवर काठी टेकवली. अंगठा खळीत रोवला. पाय खाली टाकला.

"ते तुम्ही दोघं ठरवा," ते म्हणाले. "मला उतरायचंय."