जिभेवर चढलेले मीठ

एकदा एक फरसाणवाला भर सकाळी आपल्याच दुकानात खाली मान घालून बसला होता. समोर शेवेच्या चार पराती भरलेल्या होत्या आणि एकही गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत नव्हते.

मल्लिनाथ त्याचे नाव. तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी त्याचे दुकान. त्याची लसणी शेव पुढ्यात आल्याखेरीज त्या गावात पाहुणचार पुरा झाला असे कोणी मानत नसे. त्याची पत्नी गिरिजा बावीस वर्षे कढईजवळ बसत आली होती. प्रत्येक घाण्याची चव तीच घेई आणि तिने मान हलवली की मगच शेव परातीत पडे.

महिन्यापूर्वी एका दुपारी ती बसल्या जागी कलंडली. उजवा हात लुळा पडला, बोलणे जड झाले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून विचारले, "जेवणात मीठ किती असतं?"

"बेताचंच," मल्लिनाथ म्हणाला.

"आणि जेवणाव्यतिरिक्त?"

तेव्हा त्याच्या लक्षात आले. दिवसाकाठी दहा-बारा घाणे आणि प्रत्येक घाण्याची मूठभर शेव. पुढे त्याला हेही सुचले, की आपले पुडे गावातल्या घराघरांत जातात, म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या हातात पडतात. त्याने निश्चय केला आणि दुसऱ्याच दिवशी शेवेतले मीठ निम्म्यावर आणले.

संध्याकाळपर्यंत तीन पुडे परत आले. "अळणी झाली हो शेव. आजाऱ्याला द्यायची आहे का?" कोणी हसून म्हणाले, कोणी तिरसटपणे. आठवडा गेला आणि दुकानासमोरची गर्दी ओसरली. पुन्हा मीठ वाढवावे, तर घरी गिरिजाच्या हाताकडे बघवत नव्हते. न वाढवावे, तर चूल चालणार नव्हती.

अशा वेळी आप्पा आले. मल्लिनाथला झारा धरायला त्यांनीच शिकवले होते. वयाची ऐंशी उलटलेली, पण पाठ ताठ. गिरिजाची विचारपूस करून ते तडक भट्टीपाशी गेले. एक किलो बेसन घेतले, तराजूवर मीठ तोलले आणि स्वतःच्या हाताने एक घाणा काढला. थोडी शेव मल्लिनाथच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "सांग."

मल्लिनाथ घुटमळला. "आप्पा, तुमच्या हातची म्हणून बोलवत नाही. पण अळणी आहे."

आप्पांनी ती शेव डब्यात भरली आणि त्यालाच झाकण लावायला सांगितले. "हा डबा फडताळात ठेव. महिना मी इथंच राहतो. आजपासून गिरिजासाठी जे कमी मिठाचं शिजेल, तेच या घरात सगळ्यांनी जेवायचं. लोणचं नाही, पापड नाही. दुकानातली शेव तू जिभेला लावायची नाहीस. आणि दुकानाच्या शेवेत मीठ पहिल्यासारखं घाल."

मल्लिनाथ चकित झाला. "जिच्यापायी गिरिजा पडली, तीच शेव पुन्हा विकू?"

"महिनाभर विक," आप्पा म्हणाले.

गुरूचा शब्द म्हणून त्याने तो पाळला, पण प्रत्येक पुडा बांधताना त्याचा हात जड होई. घरच्या जेवणात पहिले चार दिवस घास तोंडातच फिरत राहिला. नंतर नंतर दोडक्याला स्वतःची चव आहे, भाकरीला गोडी आहे, हे त्याला कळू लागले. महिना भरला त्या सकाळी आप्पांनी डबा मागवला. मल्लिनाथने चार काड्या तोंडात टाकल्या आणि तो थबकला.

"यात मीठ केव्हा घातलंत?"

"झाकण तू लावलंस. काढलंसही तूच." आप्पांनी दुकानातली मूठभर शेव त्याच्यापुढे केली. "आता ही खा."

ती त्याला गिळवेना. बावीस वर्षे जिच्या जिवावर नाव मिळवले, ती शेव त्याच्या जिभेला खारट लागत होती.

आप्पा म्हणाले, "माझ्याकडून गेलास तेव्हा या डब्यातल्या शेवेसारखंच किलोला पंधरा ग्रॅम मीठ घालत होतास. आज तीस घालतोस. तीस कधी झालं?"

मल्लिनाथ बोटांवर वर्षे मोजू लागला.

"कुणालाच सांगता येणार नाही. दिवसभर खारं खाणाऱ्या जिभेला कमी वाटलं, एक चिमूट पडली. मग त्या चिमटीची सवय झाली, दुसरी पडली. गावाची जीभ तूच शिकवलीस. शिकवलेलं एका सकाळीत विसरा म्हणालास, तर लोक पाठ फिरवणारच. तुझा हेतू शुद्ध होता, मल्लू, पण तू माडीवरून उडी मारायला सांगितलीस. ज्या पायऱ्यांनी त्यांना वर नेलंस, त्याच पायऱ्यांनी हात धरून खाली आण. महिन्याला एक ग्रॅम. मात्र कुठल्याही पायरीवरून परत वर चढू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून काटा एकोणतीसवर आला. गिऱ्हाईक परतले होते. कोणाला काही जाणवले नाही. दिवाळीच्या तोंडावर समोर नवे दुकान निघाले. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "चार दिवस जरा चढं मीठ टाक. नाहीतर सणाची गर्दी तिकडं वळेल." मल्लिनाथने नकार दिला. थोडी गर्दी वळलीही. त्या महिन्यातही काटा एका ग्रॅमने खालीच आला. गिरिजा आता डाव्या हाताने मीठ तोलू लागली होती.

सव्वा वर्षानंतर, काटा पंधरावर स्थिरावल्यावर, बदलीहून परतलेले शिरोळे मास्तर दुकानात आले. शेव तोंडात टाकताच म्हणाले, "मल्लिनाथ, मीठ घालायचं विसरलास काय?"

मागे उभी असलेली बाई म्हणाली, "काहीतरीच काय, मास्तर? आम्ही रोज खातो. आहे तशीच आहे."

"मास्तरांचं बरोबर आहे," मल्लिनाथ शांतपणे म्हणाला. "मीठ निम्मं आहे."

बाईने हातातल्या पुड्याकडे पाहिले. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तुम्हाला अळणी लागली असती."

तिने पुडा पिशवीत टाकला आणि आणखी एक बांधायला सांगितला, सासऱ्यांसाठी. मास्तरांनी परातीतल्या चार काड्या पुन्हा उचलल्या, या वेळी सावकाश चावल्या.

"पाव किलो दे," ते म्हणाले. "महिनाभर खाऊन बघतो."