पोस्टरातल्या वडाचा कावळा

नगराध्यक्ष अप्पासाहेबांच्या मनात आलं आणि घाटावरचा वड आडवा झाला. त्यांची म्हातारी आई रोज त्याच्याच सावलीत बसायची. लोक कुरकुरले, तेव्हा अप्पांनी तिथं हिरव्यागार वडाचं भलंमोठं कागदी पोस्टर लावलं. पावसानं तेही गळून पडलं. गावात कागदी खेळणी बनवणाऱ्या सुगंधानं त्याचा लगदा करून कावळे घडवले आणि घाटावर टांगले. वडाबरोबर कावळेही गेले, हे गावानं विसरू नये म्हणून. अप्पा खदखदून हसले.

उन्हाळ्यात आई गेली. दहाव्याला दुपार कलली, तरी पिंडाकडे एक कावळा फिरकेना. आईला वचनं देऊन देऊन अप्पांचा घसा सुकला.

"सुगंधाबाई, तुमचाच एक द्या. शिवला असं म्हणू."

सुगंधानं टांगलेला एक कावळा दोरीतून सोडवून त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या. तुमच्याच पोस्टरचा आहे. त्या कागदी वडानं आईंना जेवढी सावली दिली, तेवढाच हा पिंडाला शिवेल."