मानाचा ससा

नदीच्या वळणावर वसलेल्या एका लहानशा गावात पूर्वी एक माळी राहायचा. त्याचा मळा छोटा, घर त्याहून छोटं, आणि घरात तो आणि माळीण अशी दोघंच. मेथी, चवळई, कोथिंबीर लावायची, पाटाचं पाणी वाफ्यांत सोडायचं, सकाळी भाजीच्या टोपल्या घेऊन नगरात जायचं, असे त्यांचे दिवस चालले होते. माळी सज्जन होता, पण नगरात त्याला कोणी ओळखत नव्हतं. लोक टोपलीकडे बघून भाव विचारत, भाजी घेत आणि निघून जात. टोपली कोणाच्या डोक्यावर आहे हे बघायला कोणाला सवड नसे.

एकदा व्यापाऱ्यांचा तांडा गावाबाहेर उतरला. तांडा उठून गेल्यावर तिथे एका फुटक्या टोपलीखाली पांढऱ्या सशाचं पिल्लू थरथरत बसलेलं माळ्याला दिसलं. त्याने ते धोतराच्या सोग्यात घेऊन घरी आणलं. माळिणीने त्या पिल्लाचं नाव ठेवलं कापशी.

कापशी मळ्यात मोकळी वाढली. वाफ्यांमधून धावायची, बांधाची माती उकरायची, कोवळी मेथी कुरतडायची. फार खुशीत आली की उंच उडी घ्यायची आणि उडीतल्या उडीत अंग असं पिळायची, की खाली येताना तोंड भलतीकडेच असायचं. ते बघून माळी खुरपं बाजूला ठेवून हसायचा.

"अहो, निम्मा वाफा तिनेच संपवला," माळीण म्हणायची.

"संपवू दे. आपण दोघं खाऊन खाऊन किती खाणार?" असं म्हणून तो पुन्हा हसायचा.

त्या नगरात दर उन्हाळ्यात जत्रा भरायची, आणि जत्रेत सशांचा दरबार भरायचा. मोठ्या मांडवात मखमलीचे चौरंग मांडायचे, त्यांवर लोकांनी आपापले पाळलेले ससे बसवायचे. मग पंच एकेक ससा उचलून, कान ताणून, दात बघून, पंजे उलटेसुलटे करून त्याची पारख करत. जो पसंत पडेल तो मानाचा ससा. त्याच्या धन्याला जरीचा फेटा बांधत आणि ढोलताशे लावून नगरातून मिरवत.

एका वर्षी माळी सहज कापशीला घेऊन तिथे गेला. तिला मान मिळाला नाही, पण मुख्य पंचांनी तिला बराच वेळ निरखलं. ते वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ होते आणि सशांवर त्यांचा खरोखरच जीव होता. ते म्हणाले, "माळीबुवा, जनावर देखणं आहे. फक्त पंजे मातीने पिवळे पडलेत आणि कान थोडे आखूड आहेत. मन लावलंत तर तुमच्या घरात मानाचा ससा निपजेल."

आजवर त्याला कोणी माळीबुवा म्हटलं नव्हतं. घरी परतताना तो शब्द त्याने मनातल्या मनात कितीदा तरी घोळवला.

दुसऱ्याच दिवशी त्याने पिंजरा केला. तळाला जाळी लावली, म्हणजे लेंड्या खाली पडाव्यात आणि पंजे पांढरे राहावेत. कापशी आधी गज कुरतडायची, कोपरा उकरायची. मग हळूहळू तिने ते सोडून दिलं. "रमली," माळी म्हणाला. जाळीवर बसून बसून कापशीच्या तळपायांना घट्टे पडले होते, ते माळिणीने पाहिले होते. ती त्यांना रोज तेल लावायची.

पंचांच्या ओळखीने माळ्याने लांब कानांचा नर आणला. पिल्लं झाली. त्यातलं ज्याचे कान जास्त लांब आणि नाक जास्त बसकं, ते त्याने ठेवलं. पुन्हा पिल्लं झाली, पुन्हा तसंच निवडलं. पंचांना काय आवडतं ते त्याला आता बरोबर कळायला लागलं होतं. पाठीवर करडा डाग असलेली, एक कान उभा राहिलेली, अशी पिल्लं तो एका पाटीवाल्याला देऊन टाकायचा.

"ती पिल्लं कुठे जातात हो?" एकदा माळिणीने विचारलं.

"चांगल्या घरी जातात."

"कोणाच्या घरी?"

"मोट सोडायची राहिली आहे," असं म्हणून माळी उठून मळ्यात गेला. पाटीवाला ती पिल्लं कुठे नेतो हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि का विचारलं नव्हतं हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

अशी कितीतरी वेतं झाली, आणि शेवटी दुधी जन्माला आली. तोवर कापशी म्हातारी होऊन पिंजऱ्यातच गेली होती. दुधीसारखा ससा त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. कान इतके लांब की जमिनीवर लोळायचे आणि चालताना तिच्याच पंजाखाली यायचे. नाक इतकं बसकं की श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. दात एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून माळीण तिला हरळी बारीक चिरून भरवायची. दुधीच्या पायांना माती कधी लागली नव्हती. लोक लांबून तिला बघायला येत. "माळीबुवा आहेत का घरात?" असं दारातून विचारत. भाजीच्या टोपल्या आता माळीण एकटीच नगरात नेऊ लागली होती.

पंचांनी अलीकडे दरबारात एक नवी परीक्षा सुरू केली होती. सशाला तळहातांवर उताणं निजवायचं, आणि जो हलणार नाही, पाय झाडणार नाही, तो खरा माणसाळलेला, असं ते मानत. माळ्याने ही परीक्षा पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला एक जुनी गोष्ट आठवली. मळ्याच्या बांधावर एका कुत्र्याने रानससा धरलेला त्याने एकदा पाहिला होता. कुत्र्याच्या तोंडात तो ससा असाच पडला होता, पाय सैल, डोळे सताड उघडे. तो माणसाळला नव्हता. त्याला पळायला जागाच उरली नव्हती. माळ्याला हे चांगलं कळत होतं. पण सगळा मांडव वाहवा करत होता, मग त्यानेही मान डोलावली.

त्या उन्हाळ्यात जत्रेचा दिवस उजाडला. माळीण दुधीला भरवायला गेली तर तिने तोंड फिरवलं. आदल्या दिवशीचा चाराही तसाच होता आणि पिंजऱ्याखाली एकही लेंडी नव्हती. ती कोपऱ्यात अंग आखडून बसली होती आणि दात करकरा खात होती.

माळीण म्हणाली, "अहो, हिला काहीतरी होतंय. आज नेऊ नका."

"उकाड्याने होतं तसं. संध्याकाळी खाईल."

"कालपासून पोटात काही नाही तिच्या."

"अगं, इतकी वर्षं कशासाठी घालवली? आजचा एक दिवस जाऊ दे. मग मी तिला कधीच कुठे नेणार नाही."

माळिणीने दुधीची टोपली धरून ठेवली होती. त्याने ती तिच्या हातातून हळूच सोडवून घेतली. जोर लावला नाही, आवाजही चढवला नाही. ओलं फडकं टोपलीवर टाकलं आणि तो निघाला. वाटेत ऊन चढत गेलं. फडकं लवकरच वाळलं. दुधीच्या श्वासाची शिट्टी त्याला सगळी वाट ऐकू येत होती, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून तो चालताना गुणगुणत होता.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ताशे कडाडत होते, कुत्री भुंकत होती. चौरंगावर दुधीला ठेवल्यावर लोकांनी कौतुकाने तिच्या अंगावरून हात फिरवले. बघता बघता बाकीचे ससे मागे पडले आणि मुख्य पंच तिच्यापाशी येऊन थांबले. त्यांनी तिला अलगद उचललं आणि तळहातांवर उताणं निजवलं.

दुधी हलली नाही. तिचे कान पंचांच्या मनगटांवरून खाली लोंबत राहिले. माळी अगदी जवळ उभा होता. तिची कूस भात्यासारखी भराभर उडताना त्याला दिसली. मग ती सावकाश उडू लागली.

"बघा, लोकहो," पंच म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "किती विश्वासाने पडली आहे. एवढं शांत जनावर मी आयुष्यात पाहिलं नाही. माळीबुवा, सांगा सगळ्यांना. हिला हे कसं शिकवलंत?"

ताशेवाल्यांनी काड्या थांबवल्या. दुधीला आत्ता खाली ठेवा, ती आजारी आहे, ती भ्यायली आहे, एवढंच माळ्याला म्हणायचं होतं. शब्द त्याच्या ओठांवर होते. पण शेकडो तोंडं त्याच्याकडे वळली होती. भाजीच्या टोपलीकडे बघणारी तीच माणसं आता त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"लाडाने," माळी म्हणाला. "दुसरं काही नाही. लाडाने."

मांडव टाळ्यांनी दणाणला. त्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला. पंचांनी दुधी त्याच्या हातात दिली तेव्हा शिट्टी थांबलेली होती. अंग अजून गरम होतं, पण मान हाताबाहेर लोळत होती. माळ्याने ती उपरण्याच्या घडीत सावरून धरली, म्हणजे कोणाला दिसू नये. मिरवणूक निघाली. सगळ्या नगरातून तो मेलेली दुधी छातीशी धरून चालला. बायका ओट्यांवरून वाकून म्हणत होत्या, "कशी गाढ झोपली आहे बघा." आणि तो हसत होता, कारण हसणं थांबवलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

घरी आल्यावर माळिणीने उपरणं उघडलं. दुधीला लिंबाखाली पुरून ती आत आली आणि तिने उरलेल्या सशांचा एकेक पिंजरा उघडला. पण एकही ससा बाहेर आला नाही. शेवटी तिने त्यांना उचलून वाफ्यांत नेऊन ठेवलं. जिथे ठेवलं तिथेच ते बसून राहिले. एकाने पाय उचलला, खालची माती हुंगली, आणि पाय पोटाशी ओढून घेतला. पुढे पावसात काही आजारी पडून गेले, काही मांजरांनी नेले. वाचले त्यांना दातांमुळे चरता येईना. माळीण शेवटपर्यंत त्यांना हरळी चिरून भरवत राहिली. माळी मदत करायला पुढे झाला की ती विळी त्याच्याकडे सरकवायची आणि स्वतः उठून जायची.

वर्षभर माळ्याला नीट जेवण गेलं नाही. पुढच्या जत्रेला तो रिकाम्या हातांनी नगरात गेला आणि थेट मुख्य पंचांच्या पुढे उभा राहिला.

"दुधी झोपली नव्हती," तो म्हणाला. "तुमच्या हातात ती मरत होती. मला ते दिसत होतं. सशाला उताणं केलं की तो भीतीने थिजतो, त्याला शांती वाटत नाही. ही परीक्षा बंद करा, महाराज. मी तेव्हा खोटं बोललो."

पंचांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. "माळीबुवा, लाडकं जनावर गेलं की माणूस सगळा दोष स्वतःकडे घेतो," ते म्हणाले. "तिच्यासारखी शांत सशी पुन्हा होणार नाही. या, माझ्याशेजारी बसा. आजचा पहिला हार तुमच्या हातून घालायचा आहे."

त्याने पुन्हा सांगून पाहिलं. आजूबाजूच्या लोकांना सांगितलं, ताशेवाल्यांना सांगितलं. कोणी त्याला पाणी आणून दिलं, कोणी वारा घातला. सगळे त्याच्याशी फार प्रेमाने वागले.

तो मांडवाबाहेर पडला. बाहेर झाडाच्या सावलीत एक तरुण बाई मांडीवर करडा ससा उताणा निजवून बसली होती. तिचं नाव अजून पुकारायचं होतं. ती सशाच्या पोटावरून हळुवार बोटं फिरवत होती. ससा हलत नव्हता. त्याचे डोळे सताड उघडे होते.

"सोड गं त्याला, बाई," माळी म्हणाला. "भ्यायलाय तो."

तिने वर पाहिलं. तिने त्याला ओळखलं नाही. "नाही हो आजोबा, सवय झालीय त्याला," ती हसून म्हणाली. "आमच्याकडे आता घरोघरी असंच करतात, रोज सकाळी. गेल्या जत्रेत एका मोठ्या माणसानेच सांगून ठेवलंय. हे लाडाने करायचं असतं."

माळी तिच्यासमोर उभा राहिला. आत मांडवात पुढचं नाव पुकारलं गेलं. बाई ससा तसाच उताणा उचलून, जपून पावलं टाकत आत निघून गेली.

मुलांनो, या गोष्टीवरून ध्यानात ठेवायचं ते इतकंच: मुका जीव गप्प पडून राहिला म्हणजे तो सुखात आहे असं समजू नये. आणि ज्याला त्याचं दुखणं दिसतं त्याने त्याच घडीला बोलावं, कारण नंतर सांगितलेलं खरं कोणाला ऐकू जाईलच असं नाही.