परबतबुवांच्या घरचं सोयर

तुळाजी महाराज त्या वर्षी चैत्रात साळेगव्हाणला उतरले होते. मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता, नामाचा सप्ताह बसला होता, आणि ऊन असं की माणसं भजनातसुद्धा जांभया देत होती. खोटं कशाला सांगू? भक्ती झाली तरी अंगाला शीण हा यायचाच. महाराज स्वतःच हसून म्हणत, "देवा, तुझं नाव गोड आहे, पण ऊन फार केलंस रे बाबा!"

सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा सप्ताहाचा नेम. एकानं उतरवली की लगेच दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची. शेवटच्या दिवशीची, काल्याची वीणा मात्र गेली अकरा वर्षं परबतबुवांचीच. माणूस नेमाचा खरा. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे थंड पाण्याची अंघोळ. पण ताठा असा की आपल्यावाचून देवाचा काला होईल, हे त्यांना पटतच नसे.

त्याच गावात धुरपदामाय सुईण राहत असे. वय साठीचं, कपाळ पांढरं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. पण देवळाची पायरी तिनं वीस वर्षांत चढली नव्हती. एकुलती एक लेक बाळंतपणात गेली, आणि त्या दिवसापासून मायचे हात देवापुढं जोडले गेले नाहीत. कुणी छेडलं तर म्हणायची, "देवाशी माझं भांडण नाही हो. जाणं-येणं राहिलं नाही, एवढंच."

परबतबुवा तिला चारचौघांत टोचत. "जिला देवाचं भय नाही, तिच्या हातून पुण्य कसलं घडणार? चार शेर जोंधळ्यासाठी हिंडते झालं!" माय ऐकून घ्यायची. उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं.

काल्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी माय शेजारच्या वाडीहून परतली. तिथं दोन दिवस एक बाई अडली होती, तिला मोकळी करून आली होती. भाकरीसुद्धा न खाता ती उंबऱ्याशीच आडवी झाली. डोळा लागतो न लागतो, तोच परबतबुवांची बायको गिरजाबाई दारात उभी.

"माय, आमच्या मथुरेला काल संध्याकाळपासून कळा येतायत."

"कालपासून? आणि आज सांगतेस?"

"हे म्हणाले, कळा नव्हेत, पोटात वात धरलाय, सुनेला ओवा द्या. सुईण घरात शिरली की गावभर होईल म्हणाले." गिरजाबाईंना रडू फुटलं. "मूल झालं की सोयर लागतं ना गं! दहा दिवस वीणेला हात नाही. आणि उद्या काला."

हाय रे कर्मा! पोटातलं लेकरू काय काल्याची तिथी बघून यायचं होतं? मायला राग आला, पण रागापेक्षा थकवा जास्त होता. गुडघे उठू देत नव्हते. कुणीतरी आपल्यालाही एक दिवस निजू द्यावं, एवढंच तिला वाटलं. मग तिनं तोंडावर पाणी मारलं आणि ती निघाली.

बुवांचं घर मांडवापलीकडं, वाट मांडवापुढूनच. वीणा त्या वेळी बुवांच्याच गळ्यात होती. मायला बघताच ते कडाडले, "थांब तिथंच! बाळंतिणीकडून आलेली पारोशी तू, देवापुढून जातेस?"

"बुवा, तुमची सून अडलीय."

"काही अडली नाही. उद्या सकाळपर्यंत कळ काढली की झालं. तुला देव नाही, धर्म नाही. तुला नेम काय कळणार?"

"नेम नाही कळत," माय म्हणाली. "पण बाई मरायला टेकली की कळतं. वाट सोडा."

टाळ वाजत राहिले, पण सगळ्यांच्या माना वळल्या. तेव्हा महाराज उठले. "बुवा, आणा ती वीणा इकडं. तुम्ही घरी जा." वीणा गळ्यात घालून ते मायकडं वळले. "जा बाई, लवकर जा."

माय गेली. बुवा मात्र घरी गेले नाहीत, मांडवातच तोंड फुगवून बसले.

घरी मथुरेच्या अंगात बळ उरलं नव्हतं. मूल पायाळू होतं. मायनं हात लावला आणि तिच्या काळजाचं पाणी झालं, कारण तिची स्वतःची लेक अशीच गेली होती. गिरजाबाईंनी सुनेला मागून धरायचं, पण त्यांच्यानं ती आवरेना. शेवटी त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"अगं, कुणीतरी धरा हिला!" माय ओरडली. "माझ्यानं एकटीनं होत नाही आता!"

मागच्या दारानं एक म्हातारी आत आली. जाडंभरडं लुगडं, डोईवर पदर. तिनं मथुरेला पाठीमागून छातीशी घेतलं आणि आपली दोन्ही मनगटं तिच्या हातांत दिली. "आवळ बाई, हवं तेवढं आवळ." मथुरेची नखं त्या मनगटांत रुतली, रक्त आलं, म्हातारीनं हूं की चूं केलं नाही. मायनं वर बघितलंही नाही. तिला सवड कुठं होती!

ऊन उतरता उतरता मूल आलं. निळं पडलेलं, गप्प. मायनं त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. आणि एकदाची रडली हो पोरगी! तेव्हा कुठं मायनं मान वर केली, तर म्हातारी तिथं नव्हती.

"कोण गं ती? तुमच्याकडली?"

"नाही माय. मला वाटलं, तूच बोलावलीस."

गिरजाबाई मांडवाकडं धावल्या. "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत!" मग धापा टाकत त्यांनी त्या म्हातारीचंही सांगितलं. "मनगटं सोलून निघाली बिचारीची, पण सुनेला सोडलं नाही तिनं."

परबतबुवांची नजर महाराजांकडं गेली. दुपारपासून महाराज सगळ्यांदेखत वीणा घेऊन तिथंच उभे होते, जागचे हलले नव्हते. आणि त्यांच्या दोन्ही मनगटांवर नखांचे ताजे व्रण होते, रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"महाराज!" बुवांनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "मी सुनेला मारत होतो, महाराज! वीणेपायी मारत होतो!"

महाराज मागं सरले. "कुणीतरी वीणा घ्या रे, हात दुखतात. बुवा, माझे पाय कशाला धरता? मला नाम घेतल्यावाचून करमत नाही, म्हणून मी घेतो. त्या सुईणीचं नामावाचून काही अडलं नाही. अडलं होतं तुमच्या सुनेचं, आणि तुम्ही माळ घालून इथं उभे होतात."

एवढ्यात माय पाय ओढत घराकडं निघालेली दिसली. गिरजाबाईंनी तिला सगळं सांगितलं. माय महाराजांपुढं आली आणि तिनं त्यांची मनगटं उलटून-पालटून बघितली.

"हळद लावा त्याला," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी हात जोडत नाही, ठाऊक आहे ना? आजही जोडवत नाहीत मला."

"ठाऊक आहे. उद्या कुणाचं बोलावणं आलं तर?"

"जाईन की. न जाऊन कसं चालेल?"

"मग देवाला तरी तुझ्याकडून आणखी काय हवंय?" महाराज म्हणाले. "बस बाई घटकाभर."

आपल्याला कुणी हात जोडायला लावलं नाही, याचंच मायला फार बरं वाटलं. ती मांडवाच्या कडेला टेकली आणि बसल्या जागीच तिला झोप लागली. परबतबुवा सरपटत पुढं आले. सोयर लागलेल्यानं मांडवात थांबू नये, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या भेगाळलेल्या, धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते हुंदके देऊन रडू लागले.

महाराजांनी खूण केली, तसे टाळ थांबले. नाम तेवढं ओठांतल्या ओठांत चालू राहिलं. बुवा किती तरी वेळ तसेच पडून होते. धुरपदामायला त्यातलं काही कळलं नाही. ती घोरत होती.