कात्रीखालचं नाणं

अठराव्या शतकात लंडनमध्ये डॉर्कस फेन नावाची एक विधवा जुन्या नाण्यांचं दुकान चालवायची. एकदा तिने नवऱ्याने जिवापाड जपलेलं सोन्याचं रोमन नाणं लिलावाला काढलं. दुकान संग्राहकांनी भरलं. पण बोली सुरू होण्याआधीच नाण्यांचे नामांकित पारखी लॉर्ड पेंब्रिज उठले, त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडून म्हणाले, "बनावट आहे! फार तर सोन्याच्या वजनाचा भाव देईन."

लॉर्डसाहेबांच्या पारखीपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. मंडळी टोप्या उचलून निघाली. डॉर्कसच्या मनात आलं: नाणं तर मातीमोल झालंच, वर बनावट माल विकणारी म्हणून दुकानही बसणार! तेवढ्यात तिला दिसलं, की लॉर्डसाहेब ते नाणं काही हातातून सोडत नाहीत.

"द्या इकडे," ती म्हणाली. "बनावट नाणं गिऱ्हाइकासमोर कापायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे."

तिने पत्रा कापायची कात्री काढली. लॉर्डसाहेब गप्प राहिले तर? पाती नाण्यावर कोरलेल्या सम्राटाच्या मानेला टेकली.

"थांब!" लॉर्डसाहेब किंचाळले. "कापू नकोस!"

दारापर्यंत गेलेली मंडळी जागीच थबकली. डॉर्कसने कात्री खाली ठेवली.

"का बरं, लॉर्डसाहेब? आपण तर वजनाचा भाव देणार होता. दोन तुकडे झाले, तरी वजन तेवढंच भरेल की!"

मंडळी परत येऊन खुर्च्यांवर बसली.