चौकीवरची कासारीण

डोंगरापलीकडच्या एका मुलखात एक कासारीण राहत असे. गावोगाव बांगड्या भरून तिनं एकुलत्या एका मुलाला वाढवलं. तो कर्ता झाला, आणि त्याच वर्षी जत्रेत देवीचा हार चोरीला गेला. चौकीच्या जमादारानं नुसत्या संशयावरून त्याला धरलं आणि सगळ्यांदेखत काठीनं झोडपलं. पुढे खरा चोर सापडला. पण तोवर मुलगा अपमानानं मुलूख सोडून गेला होता.

तेव्हापासून सांज झाली की कासारीण घाटाच्या वाटेकडे बघत बसे. वळणावर कोणी दिसलं, की उठून उभी राही. जवळ आल्यावर तो दुसराच कोणी असे.

अशा फिर्यादी राजाच्या कानी फार गेल्या. त्यानं फर्मान काढलं, "यापुढे चौकीचा कारभार गावचे पंच तपासतील. शिपायांना काय शिकवायचं, तेही तेच ठरवतील."

गावानं पंचांत कासारणीला बसवलं. त्यांच्यासमोर पहिलाच आला तो तिच्या लेकाला झोडपणारा जमादार.

"हाकलून द्या त्याला!" बाकीचे पंच म्हणाले.

कासारणीनं विचारलं, "जमादार, काठी कशी मारायची, ते तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या वस्तादांनी."

"आणि कधी मारायची नाही, ते?"

जमादारानं मान खाली घातली. "ते कोणीच शिकवलं नाही, बाई."

ती पंचांना म्हणाली, "त्याची जमादारी काढून घ्या. पण हाकलू नका, दुसरीकडे जाऊन हेच करील. नव्या शिपायांसमोर उभं राहून त्यानं माझ्या लेकाचं काय केलं ते सांगावं. पुढचं मी शिकवीन."

पंचांनी ते मानलं, आणि ती शिकवू लागली. "कोणालाही धरलंत, तर आधी नाव विचारा. त्याचं ऐकून घ्या. त्याच्या घरी निरोप धाडा."

पुढच्या जत्रेत पुन्हा चोरी झाली. लोकांनी एका धनगराच्या पोराला घेरलं. "मारा, मारा!" असा गलका उठला. एका नव्या शिपायानं त्याला गर्दीतून बाहेर काढलं, नाव विचारलं, आईला बोलावणं धाडलं. चौकशीत तो निर्दोष ठरला. दिवस मावळायच्या आत मायलेकरं बोलत बोलत घरी निघाली.

कासारीण त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत राहिली. जुना जमादार जवळ येऊन म्हणाला, "बाई, हे तुमच्यामुळे झालं."

"माझ्या लेकालाही त्या दिवशी कोणीतरी नाव विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

मग डोळे पुसून ती चौकीत गेली. आत नवे शिपाई तिची वाट बघत होते.

तात्पर्य: ज्याच्या हाती काठी द्यायची, त्याला आधी माणूस ओळखायला शिकवावं, आणि त्याला जाब विचारायचा हक्क लोकांनी कधी सोडू नये.